गेमिंगच्या मशीनला कुठला लिनक्स घ्यावा? (जुनं एनव्हिडिया कार्ड, मोजका डेटा आणि जाणारी लाईट धरून सांगा)

माडाखाली (गुहागर)

नमस्कार मंडळी. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मिरगाच्या आत मशीन लिनक्सवर न्यायचं आहे.

मशीन असं: रायझन ५ १६००, बी३५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० (६ जीबी), ५०० जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल मांडणी) आहे, तिच्यावर स्टीमचे साधारण ३८० जीबी गेम. यूपीएस ६०० व्हीए. इंटरनेट ४जी राउटरचं, मशीनला यूएसबी वायफाय डोंगल.

गेम: काउंटर-स्ट्राइक २, एल्डन रिंग, विचर ३, जीटीए ५. भाऊ व्हॅलोरंट खेळतो.

बॅझाइट, कॅशीओएस, नोबारा, मिंट, पॉप ओएस अशी डिस्ट्रोंची (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांची) यादी झाली आहे. यूट्यूबवर प्रत्येकाचा पहिला नंबर वेगळा. कुठला घेऊ?

तिरफळ (देवगड)

डिस्ट्रोचं नाव शेवटी. आधी गेमची यादी तपासा, कारण जो गेम लिनक्सवर चालत नाही तो डिस्ट्रो बदलून चालू होत नाही. विंडोजचे गेम चालवतं ते प्रोटॉन. वॉल्वने ते ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं, आणि मिंट असो की बॅझाइट, स्टीमबरोबर तेच येतं.

काउंटर-स्ट्राइक २ लिनक्ससाठीच बनवलेला मिळतो, प्रोटॉनची गरज नाही. विचर ३ निर्धास्त. एल्डन रिंग ऑनलाइनसकट चालतो. जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा चालते, पण जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय हे अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) बसलं आणि लिनक्सवाले बाहेर झाले. एपेक्स लेजंड्स या गेमने ३१ ऑक्टोबर २०२४ ला दार लावलं. पबजी, फोर्टनाइट नाहीच.

व्हॅलोरंटचं अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) बसतं. ते प्रोटॉनमधून चालत नाही, व्हर्च्युअल मशीनमध्येही चालत नाही. यावर 'जुगाड आहे' म्हणून कोणी व्हिडिओ दाखवला तर तो बंद करा, खातं जाईल. भावासाठी विंडोजची एसएसडी वेगळी ठेवा, १२० जीबीची पडून असलेलीही चालेल. मात्र विंडोज १० ला आता नेहमीची सुरक्षा अपडेट येत नाहीत, तेव्हा तिच्यावर बँकेचं आणि जीपेचं काही उघडायचं नाही.

एक लक्षात असू द्या: एल्डन रिंगमध्येही अँटी-चीट आहे, इझी अँटी-चीट. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोन्ही लिनक्सवर चालू शकतात, गेमवाल्याने परवानगी द्यायची असते. म्हणून प्रत्येक ऑनलाइन गेम स्वतंत्र बघावा लागतो. प्रोटॉनडीबीवर (खेळणाऱ्यांचे अनुभव नोंदवणारी साइट) बघताना नुसता 'सोनं-चांदी' दर्जा बघू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांतले शेरे वाचा आणि ते तुमच्या कार्डावरचे आहेत का ते बघा.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

तिरफळशी सहमत. गेमनंतर दुसरा प्रश्न कार्डाचा, आणि तुमची निम्मी यादी तिथेच गळते.

जीटीएक्स १०६० म्हणजे पास्कल पिढी. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा यांना धरणारी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८०. ५९० पासून ही कार्डं ड्रायव्हरबाहेर. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चने (कॅशीओएस ज्यावर बेतलं आहे तो डिस्ट्रो) मुख्य पॅकेज ५९० वर नेलं, तेही ओपन मॉड्यूलवालं. ओपन मॉड्यूलला ट्युरिंग किंवा त्यापुढचं कार्ड लागतं, म्हणजे जीटीएक्स १६ मालिका आणि आरटीएक्स. पास्कलवाल्याने सूचना न वाचता नेहमीसारखं अपडेट केलं की डेस्कटॉपच येत नाही. उपाय आहे (एयूआरमध्ये, म्हणजे आर्च वापरणाऱ्यांनी चालवलेल्या पॅकेज-साठ्यात, ५८०एक्सएक्स नावाने जुनी शाखा ठेवली आहे), पण आर्च घराण्यात ही राखण कमी-जास्त तुमच्याकडेच असते. कॅशीओएस वेगवान आहे, मान्य. पण १०६० वर त्या वेगातून हाताला लागणार किती, आणि त्यापायी जागरण किती?

स्टीमओएस विचारू नका. ते एएमडीसाठी आहे, एनव्हिडियावर अधिकृत चालत नाही.

बॅझाइटच्या डाउनलोड पानावर कार्डाची मालिका विचारतात. तिथे ९ आणि १० मालिकेची प्रतिमा (अख्ख्या सिस्टिमची एकसंध इमेज) वेगळी आणि १६ मालिका व आरटीएक्सची वेगळी. चुकीची उतरवलीत तर काही जीबी डेटा पाण्यात. मिंटमध्ये आयएसओ (उतरवायची इन्स्टॉल फाइल) एकच, ड्रायव्हर नंतर निवडायचा.

बाकी धागा वाचणाऱ्यांसाठी, कार्डानुसार:

जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिका (केप्लर) असेल तर ड्रायव्हर ४७० वर थांबला. त्याला व्हल्कन (लिनक्सवर गेमचं चित्र काढायची भाषा) १.३ येत नाही आणि डीएक्सव्हीके (विंडोजच्या डायरेक्टएक्सचं व्हल्कन करणारा प्रोटॉनमधला भाग) २.० पासून व्हल्कन १.३ लागतंच. नवं प्रोटॉन तिथे गेम उघडणार नाही, जुनं प्रोटॉन निवडून जुने गेम खेळा. अपवाद ७५० आणि ७५० टीआय. नाव ७०० चं, पिढी मॅक्सवेल, त्यामुळे ५८० चालतो. जुन्या बाजारात ७५० टीआय भरपूर फिरतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आरएक्स ५७०, ५८० असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वर मेसा (ग्राफिकचा मुक्त भाग, डिस्ट्रोबरोबरच येतो). काही बसवायचं नाही. कुठलाही डिस्ट्रो घ्या.

अगदी नवं आरएक्स ९०६० एक्सटी किंवा ९०७० असेल तर उलटं: कर्नल ६.१२ किंवा पुढचा आणि मेसा २५ किंवा पुढचं लागेल. मिंटची जुनी आयएसओ कपाटातून काढून टाकाल तर पडदा काळा राहील. मिंट २२.२ मध्ये कर्नल ६.१४ आहे, तिथून पुढची घ्या, किंवा फेडोरा नाहीतर बॅझाइट.

सुरंगी (वेंगुर्ला)

कार्ड झालं. आता लाईट. किनाऱ्यावर डिस्ट्रो निवडताना मी हा प्रश्न फ्रेमरेटच्या वर ठेवीन: अपडेट चालू असताना लाईट गेली तर सकाळी मशीन उघडतं का?

आर्च आणि तिची पिल्लं: पॅकमन (आर्चचा पॅकेज बसवणारा) नवा कर्नल जुन्याच्या जागेवर लिहितो. त्याच वेळी इनिटरामएफएस (बूटला लागणारी फाइल) तयार होत असते. मध्येच अंधार झाला तर जुना गेला, नवा अर्धा. मग लाइव्ह यूएसबीवरून आत शिरून सगळं पुन्हा बसवायचं. शिवाय डीबी.एलसीके ही कुलूप-फाइल मागे राहते ती हाताने काढायची. कोणाला आर्चच हवं असेल तर 'लिनक्स-एलटीएस' हा दुसरा कर्नल पहिल्याच दिवशी बसवून ठेवा.

मिंट, उबंटू, पॉप: नवा कर्नल वेगळ्या नावाने येतो, जुना तिथेच राहतो. अपडेट अर्धवट राहिलं तर ग्रबमध्ये (मशीन उठताना दिसणारी यादी; पॉपमध्ये ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूटची यादी असते) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडायचा आणि आत गेल्यावर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल'. (धाग्याच्या नियमाने आज्ञा देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन.) दहापैकी नऊ वेळा एवढ्यावर भागतं.

बॅझाइट: चालू सिस्टिमला हातच लागत नाही. नवी प्रतिमा बाजूला उतरते आणि रीबूट केल्यावर तिच्यात जातो. उतरताना लाईट गेली तर जुनी तशीच उघडते. नवी प्रतिमा बिघडलेली निघाली तर ग्रबमध्ये खालची ओळ निवडली की आधीची. चांगली चाललेली प्रतिमा 'सुडो ओएसट्री अ‍ॅडमिन पिन ०' करून राखून ठेवता येते. म्हणून माझं मत बॅझाइट, १० मालिकेची प्रतिमा.

कातळ (राजापूर)

सुरंगीताई, लाईटचं म्हणणं सोळा आणे खरं. पण प्रश्नकर्त्याकडे ४जी आहे हे तुम्ही सोडून दिलंत.

बॅझाइटची आयएसओ मिंटच्या दुप्पट-तिप्पट आणि नंतरची अपडेटंही प्रतिमेची, म्हणजे एकेकदा जीबीत मोजायची. आपोआप अपडेट बंद करता येतं, ते पहिल्या दिवशीच करा. पण महिनोन्महिने अडवून ठेवलेलं अपडेटही बरं नाही. मिंटचा अपडेट मॅनेजर यादी दाखवतो, समोर आकार दाखवतो आणि हवं तेवढंच टिकमार्क करू देतो. डेटा मोजून वापरणाऱ्याला हे फार सोयीचं.

आणखी एक गळती कोणी सांगत नाही. फ्लॅटपॅकवरून (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारी अ‍ॅपची पॅकेजं) अ‍ॅप घेतली असतील तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला की त्याच आवृत्तीचं फ्लॅटपॅकचं स्वतःचं एनव्हिडिया रनटाइमही पुन्हा उतरतं, काही शे एमबी, आणि जुनं आपोआप जाईलच असं नाही. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' अधूनमधून चालवा. बॅझाइटमध्ये बरीच अ‍ॅप फ्लॅटपॅकवरच, त्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं. मिंटमध्ये स्टीम डेबचं (मिंटच्या नेहमीच्या पॅकेजचं) घ्यायचं. (उबंटू घेणाऱ्यांनो, दुकानात दिसणारं स्नॅपचं स्टीम नको. तक्रारींचा ढीग आहे त्याच्यावर.)

स्टीममध्येही एक नळ चालू असतो: सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स, तिथे शेडर प्री-कॅशिंग. बंद करा. गेम पहिल्यांदा खेळताना थोडे झटके बसतील, नंतर निवळतात. डेटा मात्र बराच वाचतो.

माझं मत मिंट. शिवाय याच मशीनवर दुकानाचं किंवा होमस्टेचं बिल छापायचं असेल आणि कॅप्ट ड्रायव्हरवाला कॅननचा जुना लेझर प्रिंटर असेल, तर तो मिंटवर डेब पॅकेज घालून कसाबसा बसतो. बॅझाइटसारख्या बंद पेटीत त्याला बसवणं म्हणजे फणस चमच्याने सोलणं.

माडाखाली

प्रिंटर नाही. डेटा मात्र खरंच मोजका. गेम पुन्हा उतरवावे लागणार का? ३८० जीबी शक्य नाही. ती हार्ड डिस्क आहे तशी लिनक्समध्ये जोडली तर?

रापण (मालवण)

माका एकच सांगूचा हा: ती एनटीएफएस डिस्क तशीच जोडून गेम चालवूक जाव नको.

(पुढचं प्रमाण मराठीत, नाहीतर संपादक ओरडतील.)

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरात एक छोटं विंडोज मांडतं. त्यात 'सी:' नावाचा दुवा असतो, नावातच अपूर्णविराम. एनटीएफएसवर विंडोजला असं नाव चालत नाही. मग कधी गेम 'प्ले' दाबल्यावर दोन सेकंदांत परत 'प्ले'वर येतो, कधी विंडोजचं चेकडिस्क त्या फोल्डरांची वाट लावतं. आणि लाईट गेली की एनटीएफएस 'मळकट' अशी खूण घेऊन बसते. कर्नलमधला एनटीएफएस३ ड्रायव्हर अशी डिस्क जोडायला नकार देतो आणि ती नीट साफ करायला विंडोजचं चेकडिस्कच लागतं. आपल्याकडे हे पावसात आठवड्यातून दोनदा करायची तयारी असेल तर खुशाल.

गेम पुन्हा उतरवायची गरज नाही. असं करा:

विंडोजमध्ये असतानाच फास्ट स्टार्टअप बंद करून नीट शटडाऊन करा. मग लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेडमध्ये एनटीएफएस भाग आकसून ४२० जीबीच्या आसपास आणा. डिस्क प्रत्यक्षात ९३१ दाखवते, म्हणजे मागे ५०० च्या वर जागा सुटेल. तिथे एक्स्ट४ (लिनक्सची फाइल मांडणी) बनवा. आकसताना लाईट गेली तर डेटा जाऊ शकतो, तेव्हा सेव्ह फाइल आणि फोटो आधी पेनड्राइव्हवर. हे काम यूपीएसवर, आणि वारा पडलेल्या दिवशी.

लिनक्स बसवल्यावर स्टीमला एक्स्ट४ वर नवी लायब्ररी दाखवा. मग जुन्या डिस्कवरच्या 'स्टीमअ‍ॅप्स' मधल्या 'कॉमन' मधून गेमचं फोल्डर नव्या लायब्ररीच्या 'कॉमन' मध्ये आणा. कॉपी आरसिंकने करा: मध्येच तुटलं तर पुन्हा तीच आज्ञा द्यायची, झालेल्या फाइली सोडून पुढे जातं. फोल्डरचं नाव अक्षरालाही बदलू नका. आता स्टीममध्ये त्या गेमवर 'इन्स्टॉल' दाबा आणि तीच लायब्ररी निवडा. स्टीम आधी असलेल्या फाइली तपासतं आणि कमी पडेल तेवढंच ओढतं. काउंटर-स्ट्राइकसाठी लिनक्सच्या फाइली थोड्या येतील, विचरसाठी जवळपास काही नाही. पाचही बोटं तुपात घालायच्या आधी एका छोट्या गेमवर करून बघा. सगळे गेम उघडले की मगच एनटीएफएस भाग उडवा.

डिस्क कायमची जोडताना 'डिस्क्स' अ‍ॅपमधल्या माउंट ऑप्शन्समध्ये 'नोफेल' हा शब्द आहे ना बघा. नसेल तर एखाद्या दिवशी हार्ड डिस्क उठली नाही की अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये काळ्या पडद्यावर थांबतं, आणि लोक म्हणतात लिनक्स उडालं.

सुरंगी

रापण, उत्तम. एक भर: विंडोजची एसएसडी ठेवणार असाल तर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होईल. विंडोज बोर्डाच्या घड्याळात भारताची वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी धरतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की भांडण मिटतं.

कातळदादा, डेटाचा मुद्दा मला मान्य. पण मिंटचं एक्स्ट४ घेतलं की स्नॅपशॉट (सिस्टिमची राखून ठेवलेली नक्कल) टाइमशिफ्टच्या आरसिंकने, म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही. बॅझाइटचं बीटीआरएफएस (लिनक्सचीच दुसरी फाइल मांडणी) चेकसम ठेवतं, फाइल सडली तर सांगतं.

कातळ

सांगतं, पण कधीकधी सांगून बसूनच राहतं. स्वस्तातल्या डीरॅमविना एसएसडी 'लिहिलं' म्हणून खोटं कळवतात, आणि त्याच वेळी लाईट गेली तर बीटीआरएफएस 'पेरेंट ट्रान्सिड व्हेरिफाय फेल्ड' म्हणून जोडायलाच नकार देतं. एक्स्ट४ अशा वेळी एफएससीके (डिस्क तपासणी) करून एखादी फाइल गमावतं पण उठतं. प्रामाणिक एसएसडी असेल तर तुमचं बरोबर, नावगाव नसलेली असेल तर माझं. माडाखाली, एसएसडी कुठली त्यावर ठरवा. आणि टाइमशिफ्टला दोन आठवडी आणि एक मासिक स्नॅपशॉट पुरे. होम फोल्डर त्यात घालू नका, नाहीतर गेमसकट सगळ्याची नक्कल होईल आणि एसएसडी चोंदेल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सॉफ्टवेअरवर बरंच झालं. या पट्ट्यात 'लिनक्स हँग होतं' म्हणून येणाऱ्या तक्रारींत लिनक्सचा हात नसलेल्या बऱ्याच असतात. डिस्ट्रो बदलण्याआधी पेटी उघडा.

यूपीएस: १०६० चे १२० वॅट, प्रोसेसर ६५ ते ९०, बोर्ड-डिस्क-पंखे ४०-५०, मॉनिटर २५. एसएमपीएसमध्ये वाया जाणारं धरून भिंतीतून तीनशेच्या आसपास. ६०० व्हीए यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, तेव्हा पेलतो. पण बॅटरी दोन वर्षांची असेल तर भर गेममध्ये दोन मिनिटंसुद्धा मिळतील याची खात्री नाही. फ्रेमरेट ६० वर बांधा (मँगोहडमध्ये मर्यादा घालता येते), भार लगेच उतरतो. यूएसबी डेटा पोर्टवाला यूपीएस असेल तर तो लिनक्सला बॅटरीसारखा दिसतो, आणि नटमधून (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) आपोआप शटडाऊन लावता येतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. चौकोनी लहरीवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस भार वाढला की पडतात. गेम सुरू झाला की मशीन बंद, डेस्कटॉपवर मात्र तासन्‌तास ठीक, हे लक्षण त्याचं.

बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस' नंतर 'पॉवर ऑफ' ठेवा. लाईट मिनिटात तीनदा ये-जा करते तेव्हा मशीन तीनदा उठायचा प्रयत्न करतं, आणि डिस्क मरते ती तेव्हा.

खारी हवा: ग्राफिक कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांकडे उजेडात तिरकं धरून बघा. कडेच्या दोन-चार दातांवर चहाच्या डागासारखे ठिपके, स्लॉटच्या तोंडाशी पांढरट-हिरवी पूड दिसली तर तो गंज. खोडरबर घासायची आपल्याकडे पद्धत आहे, करू नका. सोन्याचा मुलामा पातळ होतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, न सुटणारं कापड, एकाच दिशेने दोनदा पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. रॅमच्या पट्ट्यांचंही तसंच.

ओळखायचं कसं? मशीन अडकून रीबूट झालं की 'जर्नलसीटीएल -बी -१' मध्ये आधीच्या सत्राची नोंद मिळते. 'एक्सआयडी ७९, जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस' असं असेल तर आधी कार्ड नीट बसवा, दात पुसा, वीजजोड तपासा. ड्रायव्हर नंतर. गेम वेगवेगळ्या ठिकाणी कोसळत असेल तर मेमटेस्ट८६+ ची निदान एक पूर्ण फेरी. एक जरी लाल ओळ आली तर पट्ट्या काढून पुसून पुन्हा.

पावसात मशीन महिनाभर झाकून ठेवू नका. रोज अर्धा तास चालू ठेवलं तर आतल्या उबेने दमट हवा बसत नाही. प्लास्टिकचं घट्ट आवरण तर नकोच, ओल आतच कोंडते. आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तो मेला असेल तर लांब लाईट गेल्यानंतर तारीख काही वर्षं मागे जाते, ब्राउझर सर्टिफिकेटवरून ओरडतो, अपडेटची सही जुळत नाही, स्टीम जोडत नाही. माणूस डिस्ट्रो बदलून बघतो, आणि दोष वीस-तीस रुपयांच्या सेलचा.

माडाखाली

एसएसडी नावगाव नसलेलीच आहे. म्हणजे मिंट, एक्स्ट४. सेल बदलतो. वायफाय डोंगल चालेल? आणि पुढेमागे कार्ड बदललं तर कुठलं?

कातळ

डोंगलच्या आतली चिप बघा, 'एलएसयूएसबी' मध्ये नाव येतं. रिअलटेक ८८२१सीयू आणि ८८२२बीयू कर्नल ६.२ पासून आपोआप चालतात. ८८१२एयू आणि ८८२१एयू ला त्याहून नवा कर्नल लागतो. काही डोंगल आधी सीडीसारखे दिसतात आणि त्यावर विंडोजचा ड्रायव्हर असतो, ते 'इजेक्ट' केलं की वायफाय होतात. काहीच नाही जमलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, मिंट लगेच ओळखतं. इन्स्टॉलच्या दिवशी तेच करा, डोंगलचं नंतर.

क्रम: आयएसओचा एसएचए२५६ जुळवा (४जीवर अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण दिसू शकते). बसवताना मल्टिमीडिया कोडेकवर टिक. सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉलर पासवर्ड विचारतो, तो लक्षात ठेवा, रीबूटवर निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' मध्ये तोच लागतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं तर एनव्हिडिया मॉड्यूल उठणार नाही. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ५८०, रीबूट, स्टीम. एपिक आणि जीओजीचे गेम असतील तर हीरोइक लाँचर.

खाडीपलीकडे

कार्ड बदलणार असाल तर आरएक्स ६६०० बघा. १३२ वॅट, म्हणजे तुमच्या यूपीएसवर जवळपास तेवढाच भार, आणि ड्रायव्हरच्या शाखांची कटकट कायमची सुटते. शिवाय डीएक्स १२ च्या गेमांत एनव्हिडियाला लिनक्सवर विंडोजपेक्षा कमी फ्रेम मिळतात, एएमडीला ती झळ फारशी नाही. पण ४के १२० हर्ट्झचा टीव्ही जोडणार असाल तर थांबा: एचडीएमआय २.१ एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरला देणं २०२४ मध्ये नाकारलं गेलं. १०८०पी मॉनिटरला काही फरक पडत नाही.

माडाखाली

मिंट बसलं. सेल बदलला, दात पुसले. स्टीम उघडतं, पण विचर ३ मध्ये ४-५ फ्रेम. पंखाही फिरत नाही कार्डाचा.

खाडीपलीकडे

'व्हल्कनइन्फो --समरी' चालवा, डिव्हाइसनेमची ओळ इथे टाका. आणि 'एलएसपीसीआय -के' मध्ये कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' पुढे काय आहे?

माडाखाली

पहिल्यात एलएलव्हीएमपाइप. दुसऱ्यात ती ओळच नाही.

खाडीपलीकडे

एलएलव्हीएमपाइप म्हणजे कार्ड झोपलं आहे आणि चित्र प्रोसेसर काढतो आहे. कारणं दोनच: सिक्युअर बूटची एमओके राहिली, किंवा ड्रायव्हर मॅनेजरमध्ये नावाच्या शेवटी 'ओपन' असलेला ५८० निवडलात. तो यादीत अगदी शेजारी असतो. १०६० ला साधा ५८० हवा.

माडाखाली

'ओपन'च निवडला होता. साधा घातला, रीबूट केलं, आता कार्डाचं नाव दिसतंय आणि पंखा फिरतोय. विचर चालू आहे. एल्डन रिंग जुन्या डिस्कवर नव्हताच, तो भावाच्या लॅपटॉपवर आहे. पेनड्राइव्हने आणू?

रापण

पेनड्राइव्ह नको, फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेणारच नाही. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये 'स्थानिक नेटवर्कवरून गेम फाइल ट्रान्सफर' आहे, २०२३ पासून. लॅपटॉपवर ते मित्रांसाठी खुलं करा, दोघांची खाती स्टीमवर मित्र हवीत, गेम दोघांच्या खात्यात उपलब्ध हवा. दोन्ही मशीन त्याच ४जी राउटरच्या लॅन पोर्टला कॅट ५ई वायरीने जोडा, वायफायवर रात्र जाईल. मग इन्स्टॉल दाबलं की फाइली घरातूनच येतात, सिमचा डेटा जवळपास लागत नाही. आणि राउटरही यूपीएसवर घ्या, नाहीतर लाईट गेल्यावर मशीन चालू आणि कॉपी बंद.